बेरजेनं खोटं, भागाकारानं खरं

आधी कापसाचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. तुम्ही दोघं नातवंडं परदेशात जिथं वाढताय तिथं कापूस औषधाच्या दुकानात गुंडाळीत मिळतो. इथं तो शेतात असतो, आणि तो किती लावायचा हे ठरवणारा माणूस दर वर्षी नव्यानं विचार करत असतो.

समजा, यंदा कापसाला चांगला भाव मिळाला. मग पुढच्या हंगामात शेतकरी कापूस जास्त लावतो. पण सगळा एकदम नाही. थोडा वाढवतो, पुढच्या वर्षी आणखी थोडा, असं करत जातो, कारण जमीन काही त्याच्यासाठी मोकळी पडून नसते. म्हणून कोणत्याही वर्षीचा पेरा दोन गोष्टींवर ठरतो: गेल्या वर्षी भाव काय होता आणि गेल्या वर्षी पेरा किती होता. पहिल्या गोष्टीचा जोर किती हे एक आकडा सांगतो, त्याला भावाचा आकडा म्हणू. दुसऱ्या गोष्टीचा जोर सांगणारा तो सवयीचा आकडा. हे सगळं मी नोकरीभर संख्याशास्त्राच्या विभागात इंग्रजीतून शिकवलं, फळ्यावर ग्रीक अक्षरं काढून. मराठीत पहिल्यांदाच लिहितेय.

आता एक दावा घ्या. भाव दहा टक्क्यांनी वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर काही वर्षांनी का होईना, कापसाखालची जमीनही बरोबर दहा टक्क्यांनी वाढते. म्हणजे शेतकरी भावाच्या मागे पूर्ण जातो, मध्ये कुठं अडकत नाही. हा दावा आकड्यांत दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा अशी की भावाचा आकडा आणि सवयीचा आकडा यांची बेरीज एक आहे. दुसरी अशी की एक या संख्येतून सवयीचा आकडा वजा केला आणि उरलेल्यानं भावाच्या आकड्याला भागलं, तर उत्तर एक येतं. कागद घेऊन करून बघा. भावाचा आकडा शून्य पॉइंट तीन धरा, सवयीचा शून्य पॉइंट सात. बेरीज एक, भागाकारही एक. एक खरं असेल तर दुसरं खरं असणारच. विधान एकच आहे, मांडणी वेगळी.

तुम्ही म्हणाल, खऱ्या शेतांतून आलेले आकडे तंतोतंत एक कधीच होणार नाहीत. बरोबर. म्हणूनच चाचणी असते. उत्तर एकापासून किती दूर पडलं आणि तेवढं दूर पडणं निव्वळ योगायोगानं होऊ शकतं का, हे ती बघते. योगायोगात बसत असेल तर दावा तगला म्हणायचं, बसत नसेल तर पडला.

ही चाचणी घेऊन जी माझ्याकडे आली ती माझी जुनी विद्यार्थिनी. गंगापूरकडच्या एका गावची, शेतकऱ्याची मुलगी, एम.एस्सी.ला माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसून मराठीत प्रश्न विचारणारी. मी इंग्रजीत उत्तर द्यायची आणि ती ते मराठीत वहीत उतरवून घ्यायची. पुढं ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. तासिका तत्त्व म्हणजे काय ते तुमच्या बाबाला विचारू नका, त्याला माहीत नाही. वर्गात जेवढे तास उभे राहाल तेवढ्यांचेच पैसे, उन्हाळ्यात घरी बसा, जूनमध्ये पुन्हा अर्ज करा, पुन्हा बोलावतील याची खात्री नाही. अशी तिची बरीच वर्षं गेली होती. पक्की जागा निघणार अशी कुजबुज होती, आणि पीएच.डी. असल्याशिवाय त्या जागेकडं बघायचीही सोय नव्हती. म्हणून ती दुसऱ्या एका कॉलेजच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करत होती, तालुक्यातल्या कापसाच्या पेऱ्यावर.

तिचा गाईडही माझाच विद्यार्थी, तिच्या बऱ्याच आधीचा. आता विभागप्रमुख. त्यानं पूर्वी एक पेपर छापला होता आणि त्यात हाच दावा होता, की शेतकरी शेवटी भावाच्या मागे पूर्ण जातो. त्या पेपरावर त्याची बरीच भाषणं झाली. 'शेतकऱ्याला नुसता भाव द्या, पाणी आणि बाकीचं तो बघून घेईल' हे वाक्य त्याच्या तोंडी इतकं बसलं होतं की लोक सभागृहात त्याच्या आधीच म्हणायचे.

ती आली तो आमच्या गारखेड्यातल्या सोसायटीत नळाला पाणी यायचा दिवस होता. मी पिंप भरत होते. तिनं पर्स खुर्चीवर टाकली, दुसरा पाइप स्वतःच ओढून बादलीत सोडला आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"मॅडम, माझं डोकं फिरायची वेळ आलीय. हे बघा. दावा बेरजेनं लिहिला की पडतोय. भागाकारानं लिहिला की उभा राहतोय. डेटा तोच, सॉफ्टवेअर तेच, मी तीच."

"तू तीच नाहीस. बारीक झालीस. जेवलीस का?"

"जेवते हो. आधी हे सांगा. दोन्ही एकच आहे ना?"

"एकच आहे."

"मग उत्तर दोन कशी?"

पाणी बंद करून मी हात पुसले आणि बसले. हे असं होतं हे मला ठाऊक होतं. या विषयातल्या लोकांना ते जुनंच ठाऊक आहे. पुस्तकात असतं, सगळे वाचतात, परीक्षेत लिहितात, आणि स्वतःचा डेटा समोर आला की विसरतात.

"बेरीज ही सरळ रेषेसारखी," मी तिला म्हटलं. "भागाकार वळणाचा. तू जी चाचणी लावलीस तिला वळण मोजता येत नाही. आपण उभे असू त्या जागी ती एक सरळ रेष टेकवते आणि वळणाऐवजी त्या रेषेवर मोजते. भागाकारानं लिहिलंस की रेष वेगळी टेकते, मग माप वेगळं येतं. तुझ्या डेटात भागाकाराचं माप सैल निघालं, म्हणून दावा त्यात मावला. दुसऱ्या कुणाच्या डेटात उलटंही होईल."

"म्हणजे गावाला जायचा घाट, आणि आपण नकाशावर पट्टी ठेवून अंतर सांगतोय."

"तसंच."

"मग खरं काय ते कसं कळायचं?"

"तुझं मॉडेल दोनदा बसव. एकदा आकडे मोकळे सोडून. एकदा दावा खराच आहे असं जबरदस्तीनं धरून. धरल्यामुळं डेटाशी जुळणं किती बिघडतं ते बघ. दावा बेरजेनं धर नाहीतर भागाकारानं, बिघाड तेवढाच येईल, कारण धरलेली गोष्ट एकच आहे. ही चाचणी तुझ्या लिहिण्याला विचारत नाही."

तिनं तिथंच बसून ते केलं. मी पोहे केले. दावा पडला, आणि काठावरही नाही, चांगलाच पडला. बेरजेचं उत्तर बरोबर होतं. पोह्यांची बशी हातात घेऊन ती पडद्याकडे बघत हसायला लागली.

"आमचे दादा काय म्हणतात माहितंय? वडील हो. म्हणतात, कापसाचा भाव वाढला म्हणून काय उभा ऊस उपटून टाकू व्हय? कालव्याचं पाणी आल्यापासून आमच्या गावात जो उसाकडं गेला तो कापसाकडं परतलाच नाय. एकदा लावला की तोडल्या बुडातनं खोडवा फुटतो, मग पुन्हा खोडवा. जमीन अडकून पडती. भाव बघून करायचं काय?"

"मग हेच लिही."

"दादांचं?"

"आकड्यांचं. आणि आकडे असे का आले याच्या खाली दादांचं."

ती हसायची थांबली. "सर लिहू देतील का?"

गाईडच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. प्रबंध जमा झाल्याशिवाय पदवी नाही, पदवीशिवाय ती जागा नाही. हे तिनं मला सांगायची गरज नव्हती, मीही तिला. तिला पदवी हवी होती आणि त्या पदवीत स्वतःचं उत्तर हवं होतं. त्या दुपारी तिला वाटत होतं की दोन्ही मिळतील. मलाही वाटत होतं.

तिनं तिन्ही निकाल लिहून प्रकरण गाईडला दिलं. बेरजेचा, भागाकाराचा आणि दोनदा बसवलेला. त्यानं भागाकाराचा ठेवला आणि बाकीचे दोन लाल पेनानं काढले. समासात लिहिलं, 'पुनरुक्ती'.

त्यानंतर तो माझ्याकडे आला. पुरणपोळीचा डबा घेऊन, बायकोनं दिलाय म्हणून. दारातच वाकून पाया पडला. तो नेहमीच पडतो, आणि अगदी पायाला हात लावून पडतो. नुसतं गुडघ्यापर्यंत वाकणाऱ्यांतला तो नाही.

"मॅडम, पोरगी हुशार आहे. पण घाबरवून टाकलंय तिला कुणीतरी."

"मीच."

"मला वाटलंच." तो मोकळेपणानं हसला. "मॅडम, दोन्ही विधानं एकच आहेत. सातवीचं बीजगणित आहे हो."

"सातवीचं बीजगणित मला शिकवतोस?"

"नाही, नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, सगळं जग दीर्घकाळाचा परिणाम भागाकारानंच सांगतं. वाचणाऱ्याला तोच आकडा हवा असतो. मग चाचणी त्याच आकड्यावर नको का? बेरजेचा अर्थ कुणाला कळतो?"

त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मी लिहून ठेवते. भागाकाराचा आकडा सांगायला सोपा आहे खराच. "सांग की भागाकारानं," मी म्हटलं. "पण दुसऱ्या मांडणीत दावा पडतो, हेही सांग. आणि तिसऱ्या चाचणीत पडतो, जिला मांडणीशी देणंघेणं नाही, तेही सांग. मग लोकांना ठरवू दे."

"लोक गोंधळतात मॅडम."

"लोक गोंधळतात की तुझा पेपर गोंधळतो?"

त्यानं डब्याचं झाकण नीट बसवलं. जाताना म्हणाला, "तिचं पूर्वसादरीकरण ठेवलंय. तुम्ही अध्यक्ष म्हणून यायचं. तुमच्याशिवाय कोण?"

"मला अध्यक्षपद नको. मागच्या रांगेत एक खुर्ची ठेव. प्रश्न विचारते."

"असं कसं मॅडम! तुम्ही मागच्या रांगेत बसलात तर लोक मला काय म्हणतील? माझ्या गुरू आहात."

इथल्या सभांचे नियम तुम्हाला माहीत नाहीत. प्रबंध जमा करण्याआधी विद्यार्थ्यानं सगळ्यांसमोर उभं राहून काम सांगायचं असतं आणि कुणीही काहीही विचारू शकतं. पण मंचावर जो अध्यक्ष बसतो तो विचारत नाही. त्याला आधी शाल आणि नारळ मिळतो. चर्चा होते, ती तो ऐकतो. सगळं आटोपल्यावर तो शेवटी बोलतो, त्याला समारोप म्हणतात, आणि समारोपात चांगलंच बोलायचं असतं. त्याच्यानंतर आभार, मग चहा. अध्यक्षानं प्रश्न विचारणं म्हणजे ज्याच्या घरी जेवायला बसलो त्याच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. मला नोकरीभर कुणी अध्यक्ष केलं नव्हतं. मी आणि विभागातली दुसरी एक बाई, आम्हा दोघींना आळीपाळीनं आभारप्रदर्शन असायचं. पाहुण्यांच्या हारांचं ताट धरायला आम्ही आणि शेवटी खुर्च्या-माइकवाल्यांचे आभार मानायलाही आम्ही. आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षपद आलं ते माझं तोंड बंद करायला आलं. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर मला बोलावलंच नसतं, आणि मग त्या मुलीच्या बाजूनं त्या खोलीत कुणीच नसतं.

सादरीकरणाच्या दिवशी ती निळ्या काठाची साडी नेसून आली होती. तिचे दादा आले होते, पांढऱ्या टोपीत, मागच्या रांगेत, मला हवी होती त्या खुर्चीच्या जवळपास. मला शाल दिली. गाईडनं माझ्यावर भाषण केलं. मॅडमनी आम्हाला घडवलं, मॅडमची शिस्त, मॅडम खडूसुद्धा एकाच लांबीचे तुकडे करून वापरायच्या. लोक हसले. ते खरं आहे, मी तसे वापरायची.

ती नीट बोलली. पडद्यावर फक्त भागाकार होता. दावा तगला असं ती म्हणाली, तेव्हा तिचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. चर्चेत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी संदर्भसूचीतले स्वल्पविराम एकसारखे नाहीत असं सांगितलं. दुसऱ्या एकानं संशोधनाची सामाजिक उपयुक्तता विचारली. तिनं सांगितली. झालं. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण बाईनं मला अध्यक्षीय समारोपासाठी बोलावलं.

मी माइकसमोर उभी राहिले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती मी काढून टेबलावर ठेवली. आणि वर्गात विचारायचे तसं विचारलं.

माझी शिकवायची एक पद्धत होती. अवघड गोष्ट सांगायच्या आधी मी एक सोपा प्रश्न विचारायची, ज्याचं उत्तर हो असंच असतं. विद्यार्थी हो म्हणाला की लगेच दुसरा: मग हे असं का? पहिल्या प्रश्नानं त्याला खुर्चीवर बसवायचं आणि दुसऱ्यानं खुर्ची ओढून घ्यायची. तेवढ्यात तो जे शिकतो ते विसरत नाही. त्या दिवशीही मी तेच केलं.

"बाळ," मी म्हटलं, "दावा बेरजेनं लिहिला किंवा भागाकारानं लिहिला, तर गणिताच्या दृष्टीनं ती दोन विधानं एकच आहेत का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग गाईडकडे नाही, वडिलांकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"हो मॅडम," ती म्हणाली. "तंतोतंत एकच आहेत. म्हणूनच मी एकच दिलं. दुसरं दिलं असतं तर पुनरुक्ती झाली असती."

मी दुसऱ्या प्रश्नासाठी श्वास घेतला आणि टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी गाईडची होती. त्यानं टाळ्या वाजवत वाजवतच पुढं येऊन माझा हात धरला आणि माइकमध्ये म्हणाला, "वा! अध्यक्षांनी एका प्रश्नात सगळ्या प्रबंधाचं सार काढून घेतलं." सूत्रसंचालन करणारी बाई आभारांकडे वळली. माझ्याच हातून त्याला हवं ते झालं. इतक्या लोकांसमोर, अध्यक्षांच्या तोंडून, दोन्ही एकच.

चहाला मी थांबले नाही. पार्किंगमध्ये रिक्षा बोलावत होते, तेव्हा ती मागून धावत आली. साडीच्या निऱ्या एका हातात धरलेल्या.

"मॅडम, शाल राहिली तुमची."

"ठेव तुलाच."

"रागावलात."

"तुला उत्तर माहीत होतं. माझ्या घरी बसून काढलंस."

"व्हय, काढलं." ती दम घेत होती. "आणि तुमचा दुसरा प्रश्न काय येणार हेही माहीत होतं. एम.एस्सी.त दोन वर्षं खाल्लाय मी तो. म्हणून पहिल्यालाच दार लावलं."

"का?"

"का म्हणजे? मॅडम, तुमचं काय जातंय? तुमची पेन्शन चालू आहे. तुम्ही बोलून घरी जाल, लोक म्हणतील काय बाई आहे, या वयातही सोडत नाही. मला उद्या सरांच्या केबिनमध्ये जायचंय सहीला. दादा लई खूष आहेत आज. त्यांना मी काय सांगू, तुमच्या उसाचं खरं निघालं म्हणून माझी सही अडली?"

"मग मला थांबवायचंस आधी. फोन करायचास."

"तुम्ही थांबला असता?"

मी रिक्षा येते का ते बघायला रस्त्याकडे वळले.

"आणि विचारलंच तुम्ही असं," ती म्हणाली, आता जरा हळू. "मॉडेल दोनदा बसवलंस तेव्हा काय आलं, असं विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं. त्याला हो किंवा नाही चालत नाय. तुम्ही हो म्हणायचा रस्ता मोकळा ठेवला. मी गेले त्यावरून."

रिक्षा आली, मी आत बसले. तिनं शाल माझ्या मांडीवर ठेवली आणि दादांकडे गेली. म्हाताऱ्यानं लांबून मला हात जोडले. त्यांना वाटलं असणार मी त्यांच्या मुलीचं कौतुक करून चाललेय.

गारखेड्याला पोचेपर्यंत मी तिच्यावर चिडलेली होते. मग घरी आल्यावर वेगळ्याच माणसावर चिडले, आणि तेही लिहिते, कारण तुम्ही आता मोठे झालात. तुमचे आजोबा गेले त्या वर्षी तुमच्या बाबानं मला फोनवर विचारलं होतं, "आई, तुला इथली थंडी सोसवणार नाही ना?" मी म्हटलं, नाही सोसवणार. त्यानं सुस्कारा सोडला, तो मला ऐकू आला. "तुला आमच्याकडे राहायला यायचंय का?" असं विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं हे मला खरंच माहीत नाही. कदाचित तरीही नाहीच. पण दोन्ही प्रश्न एकच आहेत असं मला कुणी सांगू नये. ज्यानं प्रश्न मांडला त्यानं अर्धं उत्तर देऊन टाकलेलं असतं. हे मी आयुष्यभर फळ्यावर सिद्ध करत होते आणि माझ्या घरात कुणाला ते लागू होईल असं वाटलं नव्हतं.

तिला पदवी मिळाली. मग जागा निघाली, मुलाखत झाली, जागाही मिळाली, जिल्ह्याबाहेरच्या एका कॉलेजात, कायमची. ती पेढे घेऊन आली. औरंगपुऱ्यात बांधून घेतलेला प्रबंध बरोबर होता, काळ्या रेक्झिनचा, सोनेरी अक्षरांचा. वजन वाढलं होतं तिचं. चेहरा शांत होता. मला बरं वाटलं, हे नाकारत नाही. पेढा मी खाल्ला.

"पहिलं पान बघा," ती म्हणाली.

पहिल्या पानावर ऋणनिर्देश होता. त्यात गाईडच्याही आधी माझं नाव. 'ज्यांनी मला आकड्यांकडे प्रामाणिकपणे बघायला शिकवलं' असं त्याच्यापुढं. मी पानं उलटत चौथ्या प्रकरणावर गेले. भागाकार. फक्त भागाकार. दावा तगला. कालवा, ऊस, खोडवा, कुठंच काही नाही.

"माझं नाव काढ यातून."

"मॅडम?"

"या निकालावर माझं नाव नको."

"छापून झालंय हो. प्रती जमा झाल्या. इंटरनेटवरसुद्धा चढलाय." तिनं माझ्या हातातून प्रबंध घेतला आणि शेवटच्या प्रकरणातलं एक पान काढून पुढं धरलं. "हे वाचा. मर्यादांमध्ये एक ओळ घातलीय मी. गृहीतक अन्य रूपात मांडल्यास निष्कर्ष भिन्न येण्याची शक्यता नाकारता येत नाही. यासाठी सरांशी भांडले मी. खरंच भांडले."

"शक्यता?"

"तेवढंच मंजूर झालं."

"तू डोळ्यांनी बघितलंस भिन्न आलेलं. माझ्या टेबलावर."

"बघितलं की." तिनं प्रबंध टेबलावर ठेवला, मला दिला नाही आणि परतही नेला नाही. "ज्याला कळायचं त्याला त्या ओळीतून कळेल. पुढं मी स्वतः पेपर लिहीन, तेव्हा सगळं लिहीन. आता मला कुणाची सही नको."

"कधी?"

"थोडं स्थिर होऊ द्या मॅडम. नवं कॉलेज आहे. तिथले प्रमुख सरांचे मित्र आहेत."

चहा अर्धा ठेवून ती उठली. वाकून पाया पडली. तीसुद्धा अगदी पायाला हात लावून.

तो पेपर अजून आलेला नाही. येईल असं मला वाटत नाही. गाईड अजून भाषणं देतो, आणि आता दोन संशोधनांचा आधार आहे म्हणून सांगतो, त्याचं आणि तिचं. भाव द्या, पाण्याचं ते बघून घेतील.

तुम्ही कधी माझं नाव इंटरनेटवर शोधाल. मुलं शोधतात, मला माहीत आहे. तेव्हा बाकी काही सापडणार नाही, हाच ऋणनिर्देश सापडेल. तो वाचून आजीचा अभिमान वाटून घेऊ नका. सरळ चौथ्या प्रकरणावर जा. तिथं जे लिहिलंय ते खोटं आहे, आणि जिनं लिहिलं तिला ते लिहिताना माहीत होतं.